शिळ्या भाताची शाल

मास्तरांचा फोन आला तेव्हा मी मोड आलेले वाल सोलत बसले होते. रोह्यातून निघणाऱ्या दिवाळी अंकाचं काम हे निवृत्त मास्तर बघतात. म्हणाले, "सुमनताई, बावीस वर्षं कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काढलीत. तुमच्या त्या फ्राईड राईसची कृती द्या की दोन पानं. शाल मिळाली होती ना तुम्हाला त्याच्यावर?"

मिळाली होती. मरून रंगाची आहे, कपाटात वरच्या फळीवर डांबरगोळ्यांच्या सोबतीला असते. मी "देते" म्हणाले, वही घेतली, वर "साहित्य" असं लिहिलं आणि अडकले. कारण ज्या भातावर ती शाल मिळाली तो भात मी केला नव्हता. तो मंदाने केला होता. हे मी दहा वर्षांत कुणालाच सांगितलेलं नाही. मंदाला सांगायचा प्रश्नच नव्हता, तिला ते माहीतच होतं.

तर आधी कामाचं सांगते. माणूस अडचणीत सापडला की कामाचं बोलायला लागतो.

आमची कंपनी रोह्याजवळच्या कारखान्यांच्या वसाहतीत. कॅन्टीनमध्ये आम्ही नऊ बायका आणि मी त्यांच्यातली हेड कुक. लोकांना वाटतं कॅन्टीन म्हणजे घरचाच स्वयंपाक, फक्त टोप मोठा. तसं नसतं. घरी किती माणसं जेवणार ते ठाऊक असतं. कॅन्टीनमध्ये दोनशे येणार असं कळवतात आणि दीडशे येतात, कारण कुठला तरी प्लान्ट बंद पडतो, कुणाच्या वाडीत हळद असते, निम्म्यांची संकष्टी असते. आमटी आवरती घेता येते. भाजी दोन घमेली कमी चिरता येते. भात मात्र सकाळीच चुलीवर चढलेला असतो, तो काही खाली उतरून परत तांदूळ होत नाही.

त्यात आम्ही सगळ्या खेड्यातल्या. माप मोजून तांदूळ घेतले तरी वर एक मूठ टाकल्याशिवाय हात मागे येत नाही. आलंच कुणी अचानक तर? घरात ती एकच मूठ असते. आमच्याकडे टोपाजवळून जाणारी प्रत्येक जण आपापली मूठ टाकून जायची. नऊ घरच्या नऊ पाहुण्यांची सोय रोज व्हायची आणि पाहुणे काही यायचे नाहीत.

म्हणजे भात उरायचा. रोज.

आता उरलेल्या भाताचं आमच्या भागात शास्त्र ठरलेलं आहे. तो टाकायचा नाही. घरच्या माणसाने खायचा, सकाळी फोडणी देऊन. पण पाहुण्याला चुकूनही वाढायचा नाही. पाहुणा दारात दिसला की आधी गॅसवर नवीन भात चढतो, मग "या, बसा" होतं. घरच्याला शिळा आणि पाहुण्याला ताजा, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं घोडं अडलं.

फ्राईड राईस आमच्याकडे आला तो तरुण कामगारांच्या हट्टामुळे. त्यांना बुधवारी काहीतरी चमचमीत हवं होतं. पहिल्या बुधवारी मी गरमागरम भात शिजवला, त्यात भाज्या घातल्या, काळा सॉस ओतला आणि कालथ्याने परतला. जे झालं त्याला खिचडी म्हटलं असतं तर खिचडीने अब्रूनुकसानीचा दावा लावला असता. पोरांनी खाल्लं, पण एकमेकांकडे बघत खाल्लं.

दुसऱ्या बुधवारी आदल्या दिवशीचा भात उरलेला होता. तो वापरला आणि एकेक शीत सुटं झालं. मग मला कळलं, की गार भाताच्या अंगात पाणी मुरलेलं असतं, तो कढईत उड्या मारतो पण एकमेकांना चिकटत नाही. गरम भात नव्या नवरा-नवरीसारखा, वेगळा म्हणून होत नाही. तेव्हापासून मंगळवारी भात जरा जास्तच शिजू लागला. आमचे कॅन्टीनचे साहेब देवधर, पुण्याचे, नियमाचे फार पक्के. त्यांना एवढंच ठाऊक की बुधवारी फ्राईड राईस असतो. मंगळवारी भात एवढा का उरतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

पण शिळा म्हणजे कसाही ठेवलेला नव्हे. टोपात दिवसभर झाकून ठेवलेला भात आंबतो, पोट बिघडवतो. उरलेला भात लगेच परातीत पातळ पसरायचा, पंख्याखाली गार करायचा, झाकून फ्रीजमध्ये ठेवायचा, दुसऱ्याच दिवशी संपवायचा. तिसरा दिवस बघायचा नाही. हे काम मंदाचं. ती इतक्या हलक्या हाताने भात पसरायची, की एक शीत मोडायचं नाही. मिठागरावरची ती. लहानपणापासून मीठ ओढणारे हात, पण भाताला लागले की मऊ.

गंमत सांगते. बॉयलरवर गायकर म्हणून एक भाऊ होते. खाडीकाठच्या खारेपाटातले, वयाने मोठे. "ते चायनीज मी खानार नाय," म्हणून बुधवारी उपाशी बसायचे. एकदा मंदा ताट घेऊन त्यांच्यापुढे गेली. "दादा, फोडनीचा भात हाय, फक्त लसून जास्त परलाय." गायकरभाऊंनी घास घेतला, विचार केला आणि म्हणाले, "व्हय, फोडनीचाच हाय." त्यानंतर दर बुधवारी ते दोनदा फोडणीचा भात घ्यायचे आणि चायनीज खाणाऱ्या पोरांना नावं ठेवायचे. मटार तेवढे वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावायचे. का, ते त्यांनाच ठाऊक.

मंदाबद्दल सांगायला हवं. ती वडखळच्या पुढे खाडीकडच्या गावातली. सकाळच्या गाडीला ती पेणला चढायची, मी कासूला. मी चढेपर्यंत ती खिडकीची जागा पिशवी ठेवून धरायची आणि कुणी बसायला आलं तर "मानूस येतंय" म्हणून दरडावायची. मी बसले की पिशवीतून डबा निघायचा. आदल्या दिवशीचा भात, राई, लसूण, सुकी मिरची घालून परतलेला, कधी त्यात चार सुकट. नागोठणं येईपर्यंत दोघींनी एका डब्यात खायचं. माझ्या घरून मी कधी काही नेलं तर ती नाक मुरडायची. "तुमच्या कासूच्या भाताला मीठच लागत नाय गो." लागणार कसं, मीठ सगळं तिच्या गावात.

मी हेड कुक होते आणि ती मदतनीस. गाडीत ते कुणालाच आठवायचं नाही.

दहा वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा कंपनीत हवा पसरली की कॅन्टीन पनवेलच्या एका ठेकेदाराला देणार. त्याच्याकडे टोप्या घातलेले आचारी होते. आमच्याकडे नऊ बायका आणि नऊ मुठी. मुंबईहून मोठे साहेब येऊन जेवणार आणि मग ठरवणार, असं देवधर साहेबांनी सांगितलं. दिवस नेमका बुधवार. मोठे साहेब म्हणे हलकं जेवतात. "तुमचा तो फ्राईड राईस करा," देवधर म्हणाले.

आम्ही नऊ जणी एकमेकींकडे बघत राहिलो. नवीन ठेकेदार आपली माणसं आणणार, हे काय कुणी सांगायला नको होतं.

मंगळवारी मंदाने नेहमीसारख्या पराती भरून ठेवल्या. बुधवारी सकाळी गाडीत माझ्या मांडीवर जड पिशवी बघून तिने विचारलं, "काय गो यात?"

"घरचा नवा तांदूळ. आत्ताच झोडपून आणलाय. साहेबांसाठी."

तिचा घास हातात राहिला. "नवा? नवा तांदूल चिकट व्हतो. आनि पराती भरून ठेवल्यात ना मी."

मी पिशवी घट्ट धरली. मनात पक्कं होतं, की ज्याच्या एका शब्दावर नऊ घरं अवलंबून आहेत, त्याला मी शिळं वाढणार नाही. नवं पीक घरात आलं की पहिला मान देवाला आणि पाहुण्याला. मी त्यात काय वेगळं करत होते? आज लिहिताना हसू येतं. फ्राईड राईसला सगळ्यात वाईट काय असेल, तर नवा तांदूळ. त्याहून वाईट काय असेल, तर तो गरम भात. मी दोन्ही मानाने, हळदकुंकू लावल्यासारखं करणार होते.

कॅन्टीनमध्ये मी टोप चढवला तेव्हा मंदा परत आली. "सुमन, आयक माझं. गार भात मोकला व्हतो, तूच शिकवलंस ना मना. शिला असला म्हनून काय झालं?"

सगळ्या बायका ऐकत होत्या. मला घाई होती, भीती होती, आणि हेड कुकचा तोरा होता. मी म्हणाले, "पाहुण्याला शिळं घालत असतील तुमच्या मिठागरावर. आमच्यात नाय घालत."

मंदा वळली. जाऊन कोबी चिरायला बसली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. भात शिजला, मोत्यासारखा दिसला, सगळ्यांनी वास घेतला. कढईत पडला आणि तिसऱ्यांदा उलथताच गोळा झाला. मी आच वाढवली, तो खाली लागला. तेल घातलं, तर तेलकट गोळा झाला. झाऱ्याने सोडवायला गेले तर झाराही त्याच्यात सामील झाला. तेवढ्यात देवधर साहेब दारात आले. "वीस मिनिटांत बसतायत हं मंडळी." आणि गेले.

माझे हात थांबले. खरं सांगते, मला रडू आलं.

मंदा उठली. फ्रीज उघडला, पराती काढल्या. हाताला तेलाचं बोट लावून भात सुटा केला. दुसरी लोखंडी कढई धूर येईस्तोवर तापवली. आता नीट वाचा, मास्तरांची कृती इथे आहे. तेल घातलं, त्यात बारीक चिरलेला लसूण आणि आलं, करपू द्यायचं नाही. मग फरसबी आणि गाजर, कारण त्यांना वेळ लागतो. मग ढोबळी मिरची आणि कोबी, ती कचकचीत राहिली पाहिजेत. मीठ इथेच, भाजीत. मग भात एकदम सगळा. कालथ्याने दाबायचा नाही, खालून उचलून वर टाकायचा. काळा सॉस कढईच्या कडेने सोडायचा, भाताच्या डोक्यावर ओतायचा नाही. थोडं व्हिनेगर, मिरपूड. गॅस बंद करून कांद्याची पात. कढई तापल्यापासून सात-आठ मिनिटांचं काम, उरलेला भात तयार असला तर. तिने ते तसं केलं. मी शेजारी उभी राहून पात चिरून दिली.

मोठ्या साहेबांनी दोनदा घेतला. सोबत पेणचे पापड होते, तेही खाल्ले. मग म्हणाले, "कुणी केला हा भात?"

देवधर साहेबांनी मला बोलावलं. हेड कुक मी. मंदा पापडाचं ताट घेऊन दारातच उभी होती.

"एवढा मोकळा कसा झाला हो?" मोठे साहेब म्हणाले. "तांदूळ कुठला?"

एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "घरचा नवा तांदूळ साहेब. आत्ताच शिजवला, ताजा."

त्यांनी मान डोलावली. "ताजेपणा कळतो," म्हणाले.

कॅन्टीन आमच्याकडे राहिलं. पुढच्या महिन्यात मला शाल आणि नारळ मिळाला. देवधर साहेबांनी नियम काढला, की बुधवारचा भात मोठ्या साहेबांना आवडला तसा त्याच दिवशी ताजाच शिजवायचा, उरलेला एक कणही वापरायचा नाही. मी खोटं बोलले होते आणि आता ते फळ्यावर खडूने लिहिलं गेलं होतं. मग दर बुधवारी मंदाच पहाटेची पहिली गाडी धरून यायची, भात शिजवायची, पराती पंख्याखाली लावायची, म्हणजे दुपारपर्यंत तो ताजाही असायचा आणि गारही. तिने हे मला विचारून केलं नाही. केलं, एवढंच.

मोठे साहेब जेवून गेले त्या बुधवारी परतीच्या गाडीत तिने माझ्यासाठी खिडकी धरली होती. मी जवळ गेले तशी तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, "बसा मॅडम."

मला वाटलं चिडवते. तशी ती चिडवणारीच. पण दुसऱ्या दिवशीही "बसा मॅडम", तिसऱ्या दिवशीही. सकाळच्या गाडीत डबा उघडला, तर आत ताज्या तांदळाच्या भाकऱ्या, मऊसूत, शेजारी भाजी. "घ्या मॅडम," म्हणून तिने अर्धी भाकरी कागदावर काढून दिली. फोडणीचा भात परत त्या डब्यात आला नाही. आठ वर्षं आम्ही तशा जात-येत राहिलो. भांडण नव्हतं. हसणं-बोलणं होतं, एकमेकींच्या पोरांच्या लग्नात राबलो. ती मला पाहुणी करून बसली होती, आणि वाढलेल्यावर पाहुण्याला आपल्याकडे तक्रार करता येत नाही.

दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो. मी मुलाकडे रोह्याजवळ वरशाला राहायला आले. माझी सून मोबाइलवर बघून फ्राईड राईस करते, त्यात अननस घालते. मी काही बोलत नाही.

मास्तरांसाठी वहीत मी वरचं सगळं लिहून काढलं. आणि मग वाटलं, की हे छापायच्या आधी मंदाला वाचून दाखवलं पाहिजे. नाहीतर पुन्हा तिच्या भातावर माझं नाव. शाल पिशवीत घातली आणि निघाले. पेणला उतरून पुढे सहा आसनी रिक्षाने गेले.

मंदा ओटीवर सुकट निवडत होती. मला बघून उठली, हात धुतले, प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवली. "या मॅडम, बसा." आणि आत जाऊन गॅस पेटवला. तांदूळ धुतल्याचा आवाज आला. पाहुणी आली ना.

ती बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मंदा, मी एक लिवलंय. आयकशील?"

"वाचा की."

मी वाचलं. मिठागराचं वाक्य आलं, तेही न गाळता वाचलं. ती सुकट निवडत राहिली. गायकरभाऊंच्या मटारांना हसली. वाचून झाल्यावर मी पिशवीतून शाल काढून तिच्यापुढे ठेवली.

"ही तुझी हाय."

तिने शालीकडे बघितलं. "काय करू? खाडीवर उकाडा किती असतो, ठाव हाय ना? ठेवा तुमच्याकडं."

"मंदा, माझं चुकलं."

"शाल घेतलीस त्याचं मना काय नाय," ती म्हणाली. हात थांबले होते. "मिठागराचं बोललीस, ते लागलं. पन घाई व्हती, मी समजले. तू त्याला ताजा म्हनालीस ना, ते नाय समजले. शिला भात खाऊन मोठ्या झालो आपन दोघी. गाडीत एका डब्यातून खाल्ला. आनि त्या मोठ्या मान्साफुडं तुला त्याची लाज वाटली. मंग मी म्हटलं, हिला आता ताजंच वाढायचं."

दहा वर्षं मला वाटत होतं, की सगळं शालीचं आहे. डोळ्यांत पाणी आलं तसं येऊ दिलं.

"धा वरसं लागली गो तुला दोन पानं लिवायला," मंदा म्हणाली. "मास्तर काय ओरडत नाय?"

मला आधी "गो" ऐकू आलं. बाकीचं मग.

ती उठून आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मी मागोमाग गेले, तर चढवलेला भात तसाच अर्धकच्चा बाजूला सारला होता आणि ती फ्रीजमधून एक डबा काढत होती.

"कालचा हाय," ती म्हणाली. "चालंल ना तुला?"

मी खुर्चीवर परत गेले नाही. ओट्याला टेकून उभी राहिले आणि लसूण सोलायला घेतला. मंदाने कढई तापवली. मी मिठाचा डबा उघडून भातावर हात नेला, तशी तिने माझ्या मनगटावर कालथ्याचा दांडा मारला.

"भाजीत, गो. भाजीत."

हे मास्तरांनी ठळक अक्षरात छापावं. एका ताटात जेवलो. मी दोनदा घेतला.